श्वास मोजायला एक मिनिट लागतं

मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करते. हल्ली भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, तुमच्याकडे एआय आलं का? काही कामांसाठी आलंय, काहींसाठी येऊ घातलंय, आणि मला ते हवं आहे. पण त्यावर बोलायला लागले की माझी गाडी हटकून केस पेपरमधल्या एका रकान्यावर येऊन थांबते. पेशंट मिनिटाला किती श्वास घेतोय, तो रकाना.

नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे मशीन दाखवतं. साध्या वॉर्डात श्वास मात्र अजूनही माणसालाच मोजावे लागतात. घड्याळाकडे एक डोळा ठेवून, पेशंटची छाती वर-खाली होताना बघत, मिनिटभर. वॉर्ड भरलेला आणि सिस्टर दोनच असल्या की ते मिनिट आणायचं कुठून? मग कागदावर १८ येतं, नाहीतर २०. या रकान्याचा आलेख काढला की १६, १८ आणि २० वर उंच खांब उभे राहतात, १७ आणि १९ जवळजवळ दिसतच नाहीत. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर विषम आकडा येणारच नाही, तेवढं समजू शकतं. पण ताप आलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला, उद्या घरी जाणारा, सगळेच १८ वर कसे?

हे मी सिस्टरांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांच्या हातात एकाच वेळी किती कामं असतात ते मी रोज बघते. पण पेशंट बिघडायला लागला की जे आकडे लवकर हलतात, त्यांत श्वासाचा आकडा फार महत्त्वाचा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत (गुण जितके जास्त, तितका पेशंटला धोका जास्त) आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य गुण, २१ ते २४ ला २ गुण, २५ किंवा जास्त असतील तर ३. म्हणजे न मोजता लिहिलेलं १८ हे पेशंट व्यवस्थित असल्याचं प्रमाणपत्रच असतं. या नोंदींवर कितीही हुशार प्रोग्राम बसवा, त्यालाही पेशंट व्यवस्थितच दिसणार.

सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरातले अवयव निकामी व्हायला लागणं. ते आधी ओळखणाऱ्या प्रोग्रामांवर सगळ्यांच्या फार आशा आहेत, आणि असायलाच हव्यात, कारण तिथे तासांवर जीव अवलंबून असतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं एक मॉडेल आपल्या पेशंटांच्या नोंदींवर तपासलं. दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के पेशंटांसाठी त्याने इशारे दिले, तरी सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याच्या नजरेतून सुटले. इशाऱ्यांनी डॉक्टर-नर्स थकणार आणि पेशंटही हुकणार, असं दुहेरी नुकसान.

पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दुसऱ्या एका प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५ हॉस्पिटलं, ५,९०,७३६ पेशंटांवर लक्ष. ज्या सेप्सिसच्या पेशंटांचा इशारा डॉक्टर-नर्सनी ३ तासांच्या आत बघून पक्का केला, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या तुलनेत १८.७ टक्क्यांनी कमी होतं. पेशंट चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय प्रणालीला देता येणार नाही. पण मला त्यातले ते '३ तास' फार महत्त्वाचे वाटतात. इशारा आल्यावर कुणाचा फोन वाजणार, रात्री कोण उठणार, त्याने नाही बघितलं तर पुढे कुणाकडे जाणार, हे आधी ठरलेलं असलं तरच त्या प्रोग्रामला अर्थ आहे. आणि हे ठरवणं संस्थेचं काम आहे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं नाही.

फोटो आणि एक्स-रे वाचण्यात एआय खूप पुढे गेलंय. स्वीडनमध्ये ८०,००० हून जास्त स्त्रियांच्या मॅमोग्रामवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एआयची मदत घेतली तेव्हा रेडिओलॉजिस्टचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्यात घट झाली नाही. पण तिथेही चित्र कसं काढलंय हा प्रश्न राहतोच. मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो तपासणारी गूगलची प्रणाली थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेली, तेव्हा पाचातल्या एकाहून जास्त फोटो तिने नाकारले, कारण खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता आणि फोटो अस्पष्ट येत होते. नर्सना ज्या फोटोत काही वावगं दिसत नव्हतं, त्यांच्यासाठीही पेशंटला दुसरीकडे पाठवायची वेळ आली.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, बेडची.

बेड कधी रिकामा होईल हे आधी कळलं तर इमर्जन्सीत स्ट्रेचरवर ताटकळणारा पेशंट लवकर वर जातो. यासाठी अंदाज बांधणारे प्रोग्राम आहेत आणि ते उपयोगी पडू शकतात. पण ते शिकतात कशावरून? डिस्चार्जच्या वेळेवरून. ही वेळ बहुतेक ठिकाणी एकच नोंदलेली असते, फाइल बंद झाली ती. प्रत्यक्षात सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज सोडा' म्हणतात ती एक वेळ. डिस्चार्ज समरीवर सही होते ती दुसरी. पेशंट खरोखर खाली उतरतो ती तिसरी. बेड धुऊन-पुसून तयार होतो ती चौथी. चारही वेळा एका आकड्यात गुंडाळल्या की प्रोग्राम कागदपत्रांचा वेग शिकतो, पेशंटांचा नाही.

आम्ही एका वॉर्डात या चार वेळा वेगळ्या नोंदवायला घेतल्या. सगळ्यात लांब पल्ला समरीच्या सहीचा निघाला. ज्युनिअर डॉक्टर समरी लिहून मोकळे, सिनिअर ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि कपडे बदलून बॅग भरून बसलेला पेशंट दुपारपर्यंत बेडवरच. कुठलंही मॉडेल न लावता एवढं दिसलं. मग आदल्या संध्याकाळीच समरीचा मसुदा तयार ठेवायचा असं ठरलं. इथे मात्र मला भाषेचे नवे प्रोग्राम मनापासून हवेत. दहा दिवसांच्या नोंदी वाचून पहिला मसुदा करणं हे त्यांना जमतं, आणि थकलेल्या डॉक्टरचा वेळ वाचतो. अट एकच. मसुद्यातलं प्रत्येक औषध आणि प्रत्येक तारीख डॉक्टरने मूळ नोंदीशी ताडून पाहायची. हे प्रोग्राम कधीकधी न घडलेली गोष्टही तितक्याच सफाईने लिहितात, आणि ती समरी घेऊन पेशंट पुढच्या डॉक्टरकडे जातो.

नोंद खरी असली तरी ती पूर्ण गोष्ट सांगत नाही, याचं एक उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी देते. अमेरिकेत १९९० च्या दशकात न्यूमोनियाच्या पेशंटांपैकी कुणाला धोका जास्त हे ओळखायला मॉडेल बनवलं होतं. त्यातून नियम निघाला की दमा असलेल्यांना धोका कमी. नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत नेत, जोरात उपचार करत, म्हणून तो वाचत असे. मॉडेलला वाचलेला पेशंट दिसला, त्याच्यामागे झालेली धावपळ दिसली नाही. ते तसंच वापरलं असतं तर दमेकऱ्यांना घरी पाठवलं गेलं असतं. चूक सापडली, कारण नियम वाचता येण्यासारखा होता आणि वाचणाऱ्यांना वॉर्डातलं काम माहीत होतं. म्हणून प्रोग्राम निवडायच्या बैठकीत अनुभवी सिस्टरला खुर्ची हवी असा माझा आग्रह असतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सगळ्या हॉस्पिटलांनी एकसारखे तक्ते भरावेत अशी योजना मांडली होती. हॉस्पिटलांची एकमेकांशी तुलना करता यावी, एवढाच तिचा हेतू. इतक्या वर्षांनंतरही एका हॉस्पिटलची फाइल दुसऱ्याला सरळ वाचता येत नाही, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याची किंमत पेशंट पुन्हा रक्त देऊन मोजतो.

आमच्याकडे श्वासांच्या रकान्याचं काय केलं? मागणी साधी होती. ज्या नोंदी सिस्टर भरतात, त्यांचा आलेख दर आठवड्याला त्यांनाच दाखवायचा, नाव-गाव न लावता. शिवाय ज्यांची प्रकृती नाजूक आहे अशा पेशंटांपुरतं तरी पूर्ण मिनिट मोजायचं आणि तेवढा वेळ कामाच्या वाटणीत धरायचा. हळूहळू १७, १९, २३ दिसायला लागले. एक सिस्टर म्हणाल्या, "आम्ही लिहितो ते कुणी वाचतं हेच आम्हाला माहीत नव्हतं."

पुढचा रकाना वजनाचा घ्यायचा आहे. लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. काट्यावर मोजलेलं वजन आणि आईला विचारून लिहिलेलं वजन सध्या एकाच चौकोनात जातं. तिथे 'मोजलं' आणि 'विचारलं' अशा दोन खुणा मागितल्या आहेत. डोस सुचवणारा प्रोग्राम त्यानंतर बसवायचा, असं मी लेखी कळवलं आहे.