तुम्ही विचारलंत म्हणून: निर्मलाचं स्वगत कुठं गेलं?

"दिवाळी अंकातली तुमची कथा वाचून रडू आलं होतं. सिनेमात निर्मलाचं ते स्वगतच नाही. का हो काढलंत?" लग्नात, वाचनालयात, गाडीच्या डब्यात, कुठंही भेटलात की हेच. वर आपणच उत्तरही देता, "निर्मात्यानं काढायला लावलं असेल." नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच काढलं.

एक कारण व्यवहाराचं. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानानं पडद्यावरचं एक मिनिट. जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडायच्या कागदावर, म्हणजे हक्कसोडपत्रावर, सही करण्याआधी निर्मलाच्या मनात जे चालतं, ते कथेत चार पानं आहे. तेवढा वेळ बाई बाकावर बसलेली आणि मागून तिचाच आवाज? हे कारण मी बऱ्याच जणांना दिलं, पण ते पुरेसं नाही. निवेदनाचा आवाज ठेवून उत्तम सिनेमे झालेत.

पहिल्या खर्ड्यात स्वगत होतंच. वाचनाच्या दिवशी निर्मलाचं काम करणाऱ्या अभिनेत्रीनं ते असं वाचलं की खोलीत कुणी बोलेना. मग तिनंच विचारलं, "हे ती मनात म्हणते. पण त्या वेळी ती करते काय?"

म्हटलं, बसलेली असते.

"आणि भाऊ?"

तोही.

"मग सही करायची असं तिचं ठरतं कधी?"

मी स्वगतातलं वाक्य दाखवलं. ती म्हणाली, "हे तुम्ही ठरवलंय, तिनं नाही."

मला राग आला. घरी येऊन स्वगत वाचत बसलो आणि आत्याचा अंगठा आठवला.

आत्या हक्कसोडपत्र करायला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आली, तेव्हा ओळख पटवायला मीच गेलो होतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून तर तो कागद लागतो. फोटो निघाला, पण यंत्र ठसा घेईना. जन्मभर भांडी, शेणसारवण, भातलावणी; अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, "आजी, पुसून परत ठेवा." बाबांनी खिशातून रुमाल काढला, बहिणीचा अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि तिचा हात धरून तो काचेवर दाबला. ठसा उमटला. जमीन आमची झाली. माझं पुढचं शिक्षण त्यातलाच एक तुकडा विकून झालं.

कथेत हा अंगठा नाही. तिथं निर्मला सावकाश सही करते आणि मनात म्हणते, दादा वाईट नव्हता. तिच्या फीसाठी त्यानं सायकल विकली होती, तेही तिथंच येतं. सिनेमात रुमाल आहे, फुंकर आहे, दाबलेला हात आहे. बोलतो तो फक्त ऑपरेटर.

तुमची तक्रार खोटी नाही. स्वगताबरोबर सायकल गेली आणि कित्येकांच्या लेखी भाऊ लुबाडणारा ठरला. एका बाईंना त्या फुंकरीत माया दिसली, त्यांच्या यजमानांना घाई. पुढच्या खर्ड्यांत मी सायकलीचा सीन घालून पाहिला. प्रत्येक वेळी ती भावाची वकिली व्हायची, म्हणजे माझ्या बाबांची, आणि पुन्हा काढावा लागायचा. कथा लिहिणारा तो मी म्हणतो, खरं घडलेलं सांगायला वकिली कसली? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो सीन वाचला की मला भाऊबहीण दिसत नाहीत, सारवासारव करणारा मुलगा दिसतो.

आत्यानंही सिनेमा पाहिला. अंगठ्याबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "सायकल विकलीच होती रे त्यानं. ते का काढलंस?" तिला मी पानं आणि मिनिटं समजावून सांगितली. तिला पटलं नाही. अंगठ्याचा सीन मला आजही बरोबरच वाटतो, आणि सायकल कुठं बसवायची ते अजून सापडलेलं नाही.