मित्सकेविचचं ब्राँझ पदक: आधी अक्षरं बघा, मग चेहरा

ऑगस्ट १८२९ मध्ये पोलिश कवी आदाम मित्सकेविच जर्मन कवी ग्योटेला भेटायला जर्मनीतल्या वायमारला गेला. ग्योटेचा अर्धपुतळा करण्यासाठी फ्रेंच शिल्पकार दाविद दांजेही तेव्हा तिथेच होता. त्याच वर्षी दाविदने मित्सकेविचचं पदकही घडवलं, म्हणजे चेहऱ्याचा उठाव असलेली ब्राँझची चकती. अशी पाचशेहून जास्त पदकं त्याने केली.

दाविद मेणाचं काम दगडी पाटीवर करी. पाटी सपाट, ताठ आणि गडद असते, त्यामुळे मेणाचा बारीकसा उठावही नजरेत भरतो. नाव आणि सही मेणातच टोकदार हत्याराने कोरली, की मेण दोन्ही कडांना किंचित वर सरकतं. चांगल्या ओतीव प्रतीत ही सरकलेली कड जशीच्या तशी उतरते. मला पदकात चेहऱ्याहूनही ही जागा अधिक बोलकी वाटते.

ब्राँझ ओतण्यासाठी नमुना वाळूत दाबून साचा करतात. अशा साच्यात उठावाची प्रत्येक कड बाहेरच्या बाजूला उतरती हवी. नाक किंवा कानाच्या पाळीखाली खाच राहिली, तर नमुना उचलताना तिथली वाळू तुटते. धातू पुरेसा तापलेला नसेल तर पातळ कडा अर्धवट भरतात, आणि वाळूत ओल जास्त असेल तर वाफेने छिद्रं पडतात. जाडी एकसारखी नसेल तर जाड भाग शेवटी थिजतो आणि तिथे खळगा पडतो. म्हणूनच केस किंवा गालाच्या मागची बाजू पोखरून घेतात.

ब्राँझ थिजून गार होताना साधारण दीड टक्का आकसतं. नक्कल करणाऱ्याने तयार पदकावरूनच साचा घेतला तर १५० मिमीचं माप १४८ च्या खाली येतं. पण घेर मोजून अस्सल-नकलेचा निवाडा करू नका, कड कानशीने घासलेली असू शकते. नाकाच्या टोकापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि संग्रहालयातल्या खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहा. नकलेत अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट होतात. रंगावर तर मुळीच विसंबू नका, जुना दिसणारा हिरवा-तपकिरी थर आम्लाने एका दिवसात चढवता येतो.

आणि कृपा करून पदक चमकवायला चिंच-लिंबू लावू नका! मूळचा थर एकदा गेला की गेला. कोरडा मऊ ब्रश आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, एवढं पुरे. फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा दिसली तर आत क्लोराइड, म्हणजे धातू खाणारा क्षार, आहे. पदक सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राखा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.