मावशींचं नाक आणि २५७ची रेघ

आषाढ. पुण्यात रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी ग्रीनहाऊसमध्ये गेले तर वाऱ्याने ट्रे कलंडलेले, ९६ रोपांच्या लेबलांवरची शाई धुऊन गेलेली. कुठलं रोप कुठल्या नंबरचं, काही कळेना. आठवडाभराची जनुक तपासणी वाया. लावणी तोंडावर आलेली.

ही रोपं आंबेमोहर आणि एका ठेंगण्या भाताच्या संकराची दुसरी पिढी. आंबेमोहर उंच वाढतो आणि परतीच्या पावसात आडवा होतो. मुळशी-मावळात असं लोळलेलं खाचर पाहिलं की पोटात तुटतं. १९८७ साली वडगाव मावळहून इंद्रायणी आला, तोही आंबेमोहराचाच लेक. पण त्याचा दाणा लांबट. आम्हाला आखूड दाणा आणि तोच वास हवा होता, फक्त ताट बुटकं.

वास येतो तो बीएडीएच२ या जनुकातली डीएनएची ८ अक्षरं गळून तो मोडल्यामुळे. ठेंगणेपणही एसडी१ हा जनुक मोडल्याने येतं. दोन्हींच्या दोन्ही प्रती मोडक्या हव्यात, म्हणजे १६ रोपांत एक. ९६ मध्ये जेमतेम सहा. (भातातच असलेले हे जनुक. बाहेरचं काही घातलेलं नाही, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगते.)

पुन्हा डीएनए काढायला बसलो, तेव्हा रोपांचं बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, मला हुंगू द्या की." मावशी भोरच्या, आंबेमोहराच्या खाचरात वाढलेल्या. पानाचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात दहा मिनिटं ठेवले की वास मोकळा होतो. माझं नाक दहा बश्यांतच बधिर झालं. मावशी दर दोन-तीन बश्यांनंतर दारात जाऊन पावसाची हवा घेऊन येत.

"ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई. ह्यो हाय बघा, पेज उतू गेल्यावानी."

संध्याकाळपर्यंत त्यांनी २२ बाजूला काढली.

रात्री जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी चकती, अतिनील दिव्याखाली ठेवलं. बिनवासाच्या प्रतीची रेघ ३५५ अक्षरांवर, वासाच्या प्रतीची २५७वर. मावशींच्या २२ पैकी २१ रोपांत फक्त २५७ची रेघ! एकात दोन्ही होत्या. त्यांच्याकडून सुटलेली वासाची रोपं दोनच. मी ते रकाने तीनदा मोजले.

त्या २३ मधून ठेंगणी निघाली पाच.

दुसऱ्या दिवशी मावशींना जेलचा फोटो दाखवला. त्यांनी बोटाने रेघा मोजल्या आणि विचारलं, "मग ह्याचा भात कवा शिजायचा?" अजून पाच-सहा पिढ्या निवड करावी लागेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पाचही कुंड्यांना लाल लोकर घट्ट बांधली.