मांजरसुंब्याला थांबवलेली दहाचाकी आणि ऑइलमधली चमक

लातूरहून तूरडाळ भरून संभाजीनगरकडे निघालेली मालक दाजींची दहाचाकी नेकनूर ओलांडल्यावर तक्रार करू लागली. गाडी पळताना ऑइलच्या दाबाचा काटा जागेवर असायचा. पण गतिरोधकापाशी क्लच दाबून इंजिन स्लोवर आलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. ड्रायव्हर चाचांनी मांजरसुंब्याला एका ढाब्याची सपाट जागा बघून गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि फोन केला. पुढे बीडपर्यंत बालाघाटाचा उतार आहे. तो उतरण्याआधी थांबायचं त्यांना सुचलं, त्यामुळेच पुढचं सगळं हातात राहिलं.

मी संभाजीनगरहून निघालो. पाचोड, शहागडला गोदावरी, गेवराई, गढी, बीड आणि मग पाली सोडून घाट चढून वर. दिवाळीनंतरचे दिवस होते. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागलेले. यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. म्हणून या हंगामात बंद पडलेली गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी ठेवू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला तर गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायला क्रेनची मदत मिळते. हा नंबर प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये असलाच पाहिजे.

निघताना सोबत घेतलेलं सामान सांगतो, कारण अशा कामाला स्पॅनरपेट्यांपेक्षा हेच जास्त लागतं. स्टीलचं स्वच्छ ताट, पांढरं सुती कापड, भंगारातल्या स्पीकरचं चुंबक, प्लास्टिकच्या पिशव्या, भिंग, सोल्डरिंगची इस्त्री, नवीन ऑइल फिल्टर आणि फिल्टर कापायचा गोल कटर. हा कटर नळ कापायच्या कटरसारखाच फिरवायचा असतो. फिल्टरचा डबा हॅक्सॉने कधीही कापू नका. ब्लेडचा भुसा आत पडतो आणि मग इंजिनचं लोखंड कोणतं आणि करवतीचं कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी डिपस्टिक काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. चाचा समाधानाने म्हणाले, "इंजिन लई चांगलं हाय भाऊ, ऑइल खातच नाय. उलट वाढतंय." मला तिथेच काळजी वाटली. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं तर डिझेल तरी आत येतंय, नाहीतर पाणी. पाणी असेल तर ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. इथे ते काळंच होतं, पण बोटांत घेतलं तर पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला. टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवला. थोड्या वेळाने काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरलं. ऑइलपेक्षा डिझेल कागदात लांब पळतं. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नाही, पण ढाब्यावर शंका पक्की करायला पुरतं.

मग चेंबरचा नट सैल केला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्याने कीस, म्हणजे झिजून सुटलेल्या धातूचे कण, बघायचा असेल तर गाडी काही वेळ उभी राहू द्या आणि सगळ्यात पहिलं येणारं कपभर ऑइल ताटात धरा, कारण जड कण तळाशी बसलेले असतात. तपासणीला बाटली पाठवायची असेल तर उलट करायचं. इंजिन गरम असताना, धार सुरू होऊन मधलं ऑइल आलं की ते स्वच्छ बाटलीत घ्यायचं. पहिलं गाळाचं ऑइल पाठवलं तर रिपोर्ट भलतंच सांगतो.

ताट उन्हात नेलं आणि हलवलं. ऑइलमध्ये चमक फिरत होती. दाजी फोनवर होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे इंजिन गेलं का?" बहुतेक मालक हेच विचारतात आणि बहुतेक मिस्त्री लगेच हो म्हणतात किंवा लगेच नाही म्हणतात. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. नुकतं इंजिन बांधलेलं असेल तर पहिल्या ऑइलमध्ये थोडी बारीक चमक येणारच. ड्रेन नटच्या चुंबकाला लागलेला करडा, लोण्यासारखा मऊ लेप नेहमीच्या झिजेचा असतो. नखाने दाबल्यावर चुरा होणारे काळे कण हे कार्बन असतात आणि रबरासारखे ताणले जाणारे तुकडे पॅकिंगच्या सिलिकॉनचे. घाबरायचं ते नखाला टोचणाऱ्या, कडा असलेल्या पापुद्र्यांना. धातू आहे हे कळल्यावर खरा प्रश्न येतो की कोणता धातू, कारण धातू ओळखला की तो कुठून सुटला ते सापडतं.

चुंबक पिशवीत गुंडाळून ताटात फिरवलं. पिशवी यासाठी की नंतर ती उलटी केली की कण वेगळे काढता येतात. चुंबकाला बारीक करडी भुकटी लागली, पापुद्रे नाही. भुकटी म्हणजे लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टनवरच्या रिंगांची झीज. चुंबकाला जाड, खवल्यासारखे तुकडे लागले असते तर कॅमशाफ्ट, टॅपेट किंवा गिअरचे दात बघावे लागले असते. खरी चमक मात्र चुंबकाला दाद न देता ताटातच राहिली. थोडे कण रुपेरी होते आणि थोडे तांबूस.

मग फिल्टर काढला, उलटा ठेवून निथळू दिला आणि कापला. आतला कागद पट्ट्यांमध्ये कापून कापडात दाबून पिळला आणि उन्हात पसरला. मला कुणी एकच तपासणी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. चेंबरच्या ऑइलमध्ये त्या दिवशी तळाला काय होतं तेवढंच दिसतं. फिल्टरमध्ये मागचं ऑइल बदलल्यापासूनचा सगळा हिशोब साठलेला असतो. घड्यांच्या तळाशी तांबूस पापुद्रे ओळीने बसले होते.

रुपेरी कण अ‍ॅल्युमिनियमचे की शिसं-कथिलाचे, हे ठरवणं गरजेचं होतं. अ‍ॅल्युमिनियम असेल तर संशय पिस्टनवर जातो, शिसं-कथील असेल तर बेअरिंगवर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) ज्या वाट्यांत फिरतो त्यांच्यावर. ढाब्याच्या प्लगवर इस्त्री तापवली आणि डिझेलने धुऊन पूर्ण वाळवलेला एक पापुद्रा टोकाखाली धरला. तो लगेच वितळून त्याची गोळी झाली. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, अ‍ॅल्युमिनियमला ६६० अंश लागतात. तेवढी साध्या इस्त्रीची ताकद नाही. दुसरी परीक्षा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची. त्यात अ‍ॅल्युमिनियम फसफसतं. पण कॉस्टिक डोळ्यात किंवा कातडीवर गेलं तर मोठी इजा करतं आणि फसफसताना पेट घेणारा हायड्रोजन निघतो. हातमोजे आणि चष्मा असेल तरच, गॅरेजमध्ये मोकळ्या हवेत करा. आणखी एक, बऱ्याच नव्या इंजिनांत बेअरिंगवर शिसं नसतं, कथील मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. तिथे या परीक्षांवर विसंबून पिस्टन आणि बेअरिंग वेगळे काढता येत नाहीत. आपल्या इंजिनात कोणतं बेअरिंग आहे ते पार्टवाल्याकडून आधी कळून घ्या.

दाजींच्या गाडीत जुन्या पद्धतीचं तीन थरांचं बेअरिंग होतं. पाठीला पोलाद, मध्ये तांब्याचा मिश्रधातू आणि वर शिसं-कथिलाचा पातळ थर. तो वरचा थर साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. तो आहे तोवर तांबं दिसतच नाही. म्हणून तांबूस पापुद्रे दिसले याचा अर्थ वरचा थर झिजून संपला आणि आता मधला थर क्रँकवर घासतोय. तांबूस किंवा पिवळा रंग टर्बोच्या बुशचा, पिस्टन पिनच्या बुशचा किंवा रॉकरच्या बुशचाही असू शकतो. म्हणून टर्बोचा पाइप काढून शाफ्ट हलवून बघितला. तो आडवा किंचित हलतो, ते चालतं. पुढे-मागे हलला किंवा पातं घराला घासलं तर टर्बो दोषी. इथे टर्बो ठीक होता. तांबं आणि शिसं सोबत, शिवाय गरम इंजिनला स्लोवर दाब कमी, यावरून कनेक्टिंग (पिस्टनच्या रॉडचं) किंवा मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं) बेअरिंग हे नक्की झालं.

नुसता दिवा लागला असता आणि कीस नसता, तर मी आधी ऑइलच्या दाबाचं गेज लावून बघितलं असतं. कधी कधी सेन्सरच खोटं बोलतो. गरम इंजिनला स्लोवर १ बारच्या आसपास आणि पळताना ३ ते ५ बार ही ढोबळ पातळी, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा. पण फिल्टरमध्ये तांबं दिसल्यावर इंजिन पुन्हा सुरू करायचंच नाही, गेज बघण्यासाठीसुद्धा नाही. आवाज कोणत्या सिलिंडरमधून येतो ते शोधायला जुन्या पंपाच्या गाडीत इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) नट सैल करून बघायची पद्धत होती. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं तिथे, ते चुकूनही करू नका. त्या पाइपात १,६०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. डिझेलची ती धार कातडीतून आत शिरते आणि हात किंवा जीवही जाऊ शकतो. तिथे सिलिंडर बंद करून बघायचं काम स्कॅनरनेच करायचं.

चाचांचं म्हणणं होतं, "हळूहळू घाट उतरू. बीड तर खालीच हाय." मी ठाम नाही म्हणालो. उतारावर बेअरिंग जागा सोडून फिरलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिन जाम झालं की एअर कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप दोन्ही थांबतात. भरलेली गाडी, जड स्टिअरिंग आणि संपत आलेली हवा घेऊन घाटात कुणी असू नये. भाड्यासाठी हा धोका घ्यायची गरज कोणत्याच मालकावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डाळ दुसऱ्या गाडीत भरून घेतली. माल हलवण्याआधी ई-वे बिलाच्या (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग ब मध्ये नवा गाडी नंबर टाकून घ्या, नाहीतर पुढे तपासणीत अडकाल. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते. ब्रेकडाऊनमुळे ती संपत असेल तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवता येते.

रिकामी गाडी दिवसाउजेडी रिकव्हरी व्हॅनने पुढून उचलून खाली आणली. दोरीने किंवा साखळीने घाटात ओढू देऊ नका. उचलण्याआधी प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडायला लावा. मागची चाकं फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं तर गिअरबॉक्समध्ये ऑइल वर चढत नाही आणि तो कोरडा घासतो. हवा संपली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीतून हवेची लाइन जोडलेली हवी.

बीडला गॅरेजमध्ये चेंबर उतरवलं आणि कॅप उघडल्या. मेन बेअरिंगवर नुसते ओरखडे होते, दोन कनेक्टिंग बेअरिंगवर मात्र तांबं उघडं पडलेलं होतं. क्रँकला मात्र हलक्याच रेषा होत्या. मायक्रोमीटरने माप घेतल्यावर क्रँक घासून गुळगुळीत करायच्या पहिल्या, ०.२५ मिलिमीटरच्या ग्राइंडिंगमध्ये काम भागलं. घाट चालवत उतरलो असतो तर ते भागलं नसतं.

मिस्त्री बेअरिंग टाकून गाडी द्यायला तयार होता. पण बेअरिंग कशाने गेलं? सगळे इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले, तेव्हा एकाचं नोझल टपकताना दिसलं. न जळलेलं डिझेल लाइनर धुऊन खाली चेंबरमध्ये उतरत होतं. ऑइल पातळ झालं, क्रँक आणि बेअरिंगमधला ऑइलचा पडदा फाटला. चुंबकाला लागलेली करडी भुकटीही त्याचीच, धुतल्या गेलेल्या लाइनरची. इंजेक्टर तसाच ठेवला असता तर नवी बेअरिंगंही त्याच वाटेने गेली असती. आपल्याकडच्या धुळीच्या रस्त्यांवर दुसरं मोठं कारण एअर फिल्टर आणि त्याच्या पुढचा फाटका पाइप. लाइनरची भुकटी जास्त निघाली तर तेही उघडून बघा.

बांधणी करताना ऑइल कूलर धुऊन परत बसवायचा आग्रह झाला. मी नवाच बसवायला लावला. त्याच्या पातळ वाटांत अडकलेला कीस पुरता निघत नाही आणि पहिल्याच गरम फेरीत तो थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. ब्लॉकच्या गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून ब्रश फिरवला, टर्बोचा ऑइल पाइप आणि पिस्टनखालचे जेट साफ केले, ऑइल पंप उघडून बघितला. रॉडचे बोल्ट नवे घेतले. सुरू करण्याआधी ऑइल भरून, डिझेल बंद ठेवून दाब येईपर्यंत इंजिन नुसतं सेल्फवर फिरवलं.

ऑइलची एक बाटली प्रयोगशाळेत पाठवली आहे, पण तिच्या मर्यादा माहीत असू द्या. नेहमीच्या धातू तपासणीत साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट पकडले जात नाहीत. म्हणजे डोळ्याला दिसणारा कीस असूनही रिपोर्ट ठीक येऊ शकतो. डिझेल किती मिसळलंय, धुळीचं सिलिकॉन वाढलंय का, कूलंटचा सोडियम आलाय का, हे मात्र ती चांगलं सांगते. नमुना देताना डिझेलची भेसळ आणि लोखंडाच्या मोठ्या कणांची तपासणी वेगळी मागून घ्या.

गाडी आता लातूर-बीड अशी हलक्या भाड्यावर फिरते आहे. पहिला फिल्टर लवकर काढायला सांगितला आहे आणि कटर चाचांच्या केबिनमध्येच ठेवून दिला आहे. डिपस्टिक ते रोज सकाळी बघतात आणि पातळी खाली गेली किंवा वर चढली तरी दाजींना कळवतात.