झेब्रानो दुरुस्ती: क्लिअर मारलं आणि सगळं पांढरं

माझ्या जुन्या मर्सिडीजमधल्या झेब्रानोवर, म्हणजे पट्टेदार लाकडावर, क्लिअरचा (पारदर्शक लॅकरचा) पहिला हात मारला आणि बघता बघता ॲशट्रेच्या झाकणावरचे पट्टे दुधाच्या सायीखाली गेले. गेल्या नोंदीपर्यंत गिअरभोवतालची पाटी सोडून कन्सोलचे (पुढच्या दोन सीटांमधल्या भागाचे) बाकी सगळे तुकडे घासून, सीलर मारून तयार होते. पुण्याच्या जुलैने त्यावर पाणी फिरवलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: गाडी १९९५ ची मर्सिडीज डब्ल्यू १२४, ई २२०, पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळवलेली. जुन्या क्लिअरला दाण्याच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, दिशेने उभ्या भेगा होत्या. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, वरचं जाड कडक क्लिअर त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून ते तडकतं. हे सगळं आधी लिहून झालंय.

आधी चांगली बातमी. गिअरभोवतालच्या पाटीवरचं जुनं क्लिअर हीट गनने निघालं, आणि काय निघालं! गन कमीवर, हात सतत हलता, प्लॅस्टिकची पट्टी दाण्याच्या दिशेने आडवी धरलेली. एका कोपऱ्यात कट् असा आवाज आला आणि पिवळं पडलेलं क्लिअर काचेच्या पापुद्र्यासारखं हातभर लांब नाही, पण चांगलं बोटभर सलग सुटलं. खाली इतकी वर्षं पिवळ्या थराआड दडलेले तपकिरी-काळे पट्टे. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा, कागदाएवढं पातळ असतं, त्यामुळे मशीनने घासायच्या भानगडीत पडूच नका. एका कडेला उष्णतेने व्हिनियर सुटलं होतं, ते ॲराल्डाइट भरून क्लॅम्पमध्ये दाबून बसवलं. क्लॅम्पखाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक ठेवलं की लाकडी गुटका चिकटत नाही.

आता रडगाणं. मी मारलेलं क्लिअर म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. त्यातला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात असली की त्या गार थरावर बाष्प बसतं. ओल्या लॅकरमध्ये अडकलेलं ते पाणी म्हणजेच ब्लश. पॉलिशवाले मिस्त्री बघून हसले. ‘ताई, दसऱ्यापर्यंत थांबा.’ थांबेन कशाला? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून रिटार्डर (सावकाश उडणारा थिनर) आणला आणि पांढऱ्या थरावर हलका फवारा मारला. वरचा थर पुन्हा मऊ होतो, सावकाश सुकतो, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. झाकण खरोखर निवळलं. मी चहा ठेवायला आत गेले, परत येऊन टॉर्च तिरका धरला तर पट्ट्यांच्या मधल्या छिद्रांत पांढरे बारीक दोरे तसेच. झेब्रानोची छिद्रं मोठी आणि लांबट. तिथे लॅकर जाड साचतं आणि ओल तिथेच दबा धरून बसते. पुन्हा रिटार्डर, पुन्हा दोरे. समोरून बघितलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण मला आता दुसरं काही दिसतच नाही.

शेवटी सगळं थिनरने पुसून काढलं. एनसीचा हा एक गुण मात्र मान्य करायला हवा, ते स्वतःच्या थिनरमध्ये निमूटपणे विरघळतं. थिनर घेताना सीलबंद डबाच घ्या. सुट्ट्या थिनरमध्ये काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, आणि पावसाळ्यात तर त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

मग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन? त्याचा हार्डनर हवेतल्या ओलीशी भांडतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे फुगे उरतात. इपॉक्सी, ॲराल्डाइटच्या जातीचं रेझिन? त्यावर दमट हवेत तेलकट पापुद्रा येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात मारावा लागतो. पण छिद्रं भरायला इपॉक्सीच्या तोडीचं काही नाही, आणि धुण्याचा कंटाळा मला नाही.

म्हणजे मटेरियल बदलून सुटका नाही, हवा बदलायला हवी. जुन्या कपाटाच्या खणात ६० वॉटचा बल्ब लावून पेटी केली. २५ अंशांची नव्वद टक्के दमट हवा ४० अंशांवर नेली की आर्द्रता चाळिशीच्या आत येते. माझ्या स्वस्तातल्या हायग्रोमीटरनेही (आर्द्रता मोजायच्या यंत्राने) साधारण तेच दाखवलं. तुकडा पेटीत कोमट करायचा, बाहेर काढून हात मारायचा, थिनरचा वास पूर्ण गेला की मगच परत आत. ओला तुकडा आणि पेटता बल्ब एका खणात कधीच नको, भडका उडेल.

इपॉक्सीचा पहिला थर असाच बसलाय, छिद्रं भरली, दोरे नाहीत. वरून एनसी मारायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं: ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गरम हवेचा बूथ आहे. कुणाचा तरी बंपर रंगत असताना माझे तुकडे बाजूला टांगले तर? गाडीच्या टू-के क्लिअरमध्ये उन्हातले यूव्ही किरण रोखणारं द्रव्य असतं, फर्निचरच्या स्वस्त पीयूसारखं ते पिवळंही पडत नाही. पेंटिंगवाल्याला फक्त एक ताकीद द्यायची: डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे आसपास नकोत, नाहीतर क्लिअर जागोजागी फाकून खड्डे पडतात. ते स्प्रे गाडीतही नकोतच. ओलसर मायक्रोफायबर आणि अधूनमधून कार्नोबा वॅक्स पुरे.

धाकधूक बेकिंगची. बूथ ६० अंशांवर जातो. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तसाही तेवढा तापतो, पण तो हळूहळू, इथे एकदम. कुणी व्हिनियरचे तुकडे बूथमध्ये भाजलेत का? नसतील, तर आधी ॲशट्रेचं झाकण एकटंच पाठवते, बाकीचे तुकडे पेटीतच राहू देत.