तुम्ही विचारलंत म्हणून: पाळलेला मासा रोगट असतो का?

मी माशांच्या खाद्यावर आणि आजारांवर काम करते हे कळलं की लग्नात असो, ट्रेनमध्ये असो, पुढचा प्रश्न ठरलेला. "ताई, ते तळ्यातले मासे रोगट असतात ना? मग समुद्रातलाच खावा ना?"

तसं नाहीये. मासा कुठं वाढला याच्या आधी मी विचारते की त्याच्या पोटात काय गेलं, आणि हे मोकळ्या पाण्यातल्या माशालाही तितकंच लागू आहे.

2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे अंडी उबवून माशांची पिल्लं वाढवतात तिथं, चिनूक सामनची पिल्लं विचित्र वागायला लागली, गोल गोल गिरक्या घ्यायची, मग कुशीवर पडून राहायची आणि मरायची. रोगजंतू काही सापडेना. शेवटी निघालं काय, तर थायमिन, म्हणजे बी-1 व्हिटॅमिन कमी पडलेलं! थायमिन घातलेल्या पाण्यात ठेवल्यावर तीच पिल्लं काही तासांत नीट पोहायला लागली. आता यांच्या आया काही उपाशी नव्हत्या हो, समुद्रात पोटभर खाऊन अंडी घालायला परत आल्या होत्या, पण खाल्लं होतं बहुतेक अँचोव्हीच, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, आणि त्यात थायमिन तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे अंड्यांत थायमिन उतरलंच नाही. (मांदेली खुशाल खा, शिजवल्यावर ते एन्झाइम राहत नाही.) बाल्टिक समुद्रातल्या सामनमध्ये थायमिनच्याच कमतरतेचा असा आजार 1974 पासून माहीत आहे. भरल्या पोटीही कुपोषण होतं ते असं.

शिवाय मोकळ्या पाण्यातला आजारी मासा आपल्याला दिसतच नाही, तो सुस्त झाला की दुसरा कोणीतरी त्याला आधी गिळतो. तळ्यात मात्र मेलेला मासा वर तरंगतो आणि सगळ्या गावाला दिसतो. 1988 मध्ये ईशान्य भारतात मरळीसारख्या माशांच्या अंगावर मोठाले व्रण पडायला लागले, बुरशीसारख्या जिवामुळे होणारा तो आजार, त्यानं नदी, बील (तिकडची पाणथळ सरोवरं) आणि तळं असा भेदभाव अजिबात केला नाही.

म्हणून फार्ममध्ये सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. दाटी असते, रोग भराभर पसरतो. पण इलाजही तिथंच करता येतो. नॉर्वेत 1987 च्या सुमारास सामनसाठी वर्षाला जवळपास 50 टन अँटिबायोटिक्स वापरली जायची, मग चांगल्या लशी आल्या आणि उत्पादन कितीतरी पटीनं वाढूनही तो वापर एक टनाच्या खाली आला. मला हे फार मोठं काम वाटतं.

मला खरी काळजी वाटते ती पेंडीची. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये ट्राउट माशांच्या लिव्हरमध्ये मोठ्या प्रमाणावर गाठी दिसायला लागल्या, कॅन्सरच्या. व्हायरस असेल असंही काहींना वाटलं. पण दोष निघाला खाद्यातल्या सरकीच्या पेंडीचा, तिच्यात बुरशीचं विष होतं, अफ्लाटॉक्सिन. ट्राउट याला इतका नाजूक की अब्जात एक भाग एवढंसं विषसुद्धा महिनोन्महिने पोटात गेलं तर गाठी होतात. आपल्याकडचे रोहू-कटला तितके नाजूक नसले तरी आपण त्यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालतो, आणि ही बुरशी शेंगदाण्यावर तर हमखास येते, दमट हवेत तर विचारूच नका. पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली, खालचा थर ओला, फोडलं की कुबट वास आणि हिरवट-पिवळा बुरा... आणि मालक म्हणतो, उन्हात घालतो, होईल ठीक. ऊन देऊन बुरा झडेल, आत मुरलेलं अफ्लाटॉक्सिन सगळं जात नाही, उकळूनही जात नाही. असं खाद्य खाऊन मासा लगेच मरत नाही, वाढ खुंटते, लिव्हर फिकट पडतं, अंगातली ताकद जाते आणि मग साधा बॅक्टेरियासुद्धा भारी पडतो, आणि लोक म्हणतात तळ्यात रोग आला.

त्यामुळे शेततळ्यावरून मासे घेत असाल तर रोगराईचं नंतर विचारा, आधी खाद्याची खोली बघायला मागा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचलेली असली आणि खोलीत कुबट वास नसला तर मी तरी तिथला मासा बिनधास्त घरी नेते.