मॅचिंगचा तुकडा

गेल्या लग्नसराईत सीतलामाता बाजारातल्या एका दुकानात मी एका अनोळखी बाईंना चोर ठरवले. मी त्यांना हात लावला नाही, त्यांची पिशवीही मी उपडी केली नाही. मी फक्त गल्ल्यावरच्या माणसाकडे वाकून हळूच म्हणाले की त्या बाईंनी काहीतरी पिशवीत टाकलेले मी पाहिले. पुढचे सगळे इतरांनी केले, पण ते माझ्या त्या एका वाक्यावरून झाले. इतके महिने ही गोष्ट मी घरातही नीट सांगितलेली नव्हती. आज सगळी लिहून काढते आहे.

ज्यांनी इंदूरचा तो बाजार पाहिला आहे त्यांना दुकानाचे वर्णन वेगळे करायला नको. समोर हातभर रुंदीचे काउंटर, मागे छतापर्यंत ब्लाउजच्या टू बाय टू रुबिया कापडाचे ताके रंगांच्या छटांनुसार लावलेले, खाली परकर, फॉल, अस्तर, लेस, आणि काउंटरपाशी तीन रांगांमध्ये उभ्या बायका. भाचीच्या लग्नाची खरेदी होती, माझी नणंद बरोबर होती. आमच्या शेजारी चाळिशीच्या, फिकट सुती साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात किराणा दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी होती. त्यांनी एक मरून रंगाचा तुकडा ताक्याला लावून पाहिला, ट्यूबलाइटमध्ये रंग कळेना म्हणून तो घेऊन दारापर्यंत उजेडात गेल्या, परत आल्या आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला. मी मान वर केली ती नेमकी या शेवटच्या क्षणी. काउंटरवर तसल्याच मरून तुकड्यांचा ढीग पडलेला होता. माझ्या मनाने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि मी गल्ल्याकडे वळले.

दोन पोरे काउंटरखालून बाहेर आली. "बैग दिखाओ," एकाने म्हटले. बाई म्हणाल्या, "ये मेरा है, मैं घर से लाई हूँ." दुसऱ्याने तोवर पिशवी ओढली होती. काउंटरवर अर्धा किलो भेंडी, औषधाची पट्टी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तो तुकडा असे सगळे सांडले. तो तुकडा नव्हताच, ते अर्धे शिवलेले ब्लाउज होते. खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका धावत होता, बगलेशी टेलरच्या खडूची निळी रेघ होती आणि टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर बाहीचे माप लिहिलेले होते. बाह्यांना कापड कमी पडले म्हणून टेलरने त्यांना मॅचिंग आणायला पाठवले होते. साडीच्या बाजारात प्रत्येक दुसरी बाई घरून आपले कापड आणते आणि ते पुन्हा पिशवीत ठेवून घरी नेते. मी स्वतः तीस वर्षे हेच करत आले आहे, आणि त्या दिवशीही माझ्या पर्समध्ये साडीचा पदर कापून घेतलेला तुकडा होताच.

तोपर्यंत तीन-चार मोबाइल वर झाले होते. "गलतफहमी हो गई, दीदी," असे म्हणून दुकानदाराने एक फॉल फुकट पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भेंड्या एकेक करून पिशवीत भरल्या, ब्लाउज कच्च्या टाक्यावर नीट दुमडले आणि मग साऱ्या दुकानाकडे पाहून विचारले, "किसने देखा था?" गल्ल्यावरचा माणूस माझ्याकडे पाहत होता. मी लेस पाहत राहिले. नणंद म्हणाली, "वहिनी, चला," आणि आम्ही निघालो.

राजवाड्याच्या मागे माझ्या मामेभावाचे साड्यांचे दुकान आहे. आठवड्याने त्याला हे सांगितले तेव्हा तो मला काही बोलला नाही, फक्त प्रश्न विचारत गेला. "ताई, तो तुकडा दुकानाच्या ढिगातून उचलताना तू पाहिलास? त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात काय होते ते पाहिलेस? उचलल्यापासून पिशवीत जाईपर्यंत तुझी नजर एकदाही हलली नाही? आणि पैसे न देता त्या उंबरा ओलांडून गेल्या का?" चारही प्रश्नांचे उत्तर नाही असे होते. मी फक्त एक हात पिशवीत जाताना पाहिला होता आणि बाकीची चोरी मीच रचली होती. भाऊ म्हणाला की या चारांतला एकही दुवा तुटला, तर तो गिऱ्हाइकावर संशयाचा शब्द काढत नाही, मग नग गेला तरी चालेल.

याचा अर्थ त्याचा माल जात नाही असा नाही. मागच्या दिवाळीत त्याच्या गादीवरून दोन महेश्वरी साड्या गेल्या. तिघीजणी आल्या होत्या. एकीने वरच्या फळीवरचा माल काढायला लावला, दुसरीने किमतीवरून घासाघीस सुरू केली, आणि तिसरी केव्हा उठून गेली ते कोणाला कळलेच नाही. गादीवर चाळीस घड्या उघड्या पडलेल्या असताना दोन कमी झाल्या हे रात्री मोजतानाच समजले. भावाने तो तोटा स्वतः सोसला, पण त्याने सांगितले की बाजारात असेही मालक आहेत जे हरवलेल्या नगाचे पैसे काउंटरवरच्या पोराच्या पगारातून कापतात. ती दोन पोरे पिशवीवर तशी का तुटून पडली हे मला तेव्हा समजले. त्यांच्या हिसकाहिसकीचे समर्थन मी करत नाही. पण त्यांना भीती होती, मला तर कसलीच नव्हती.

भावाची पद्धत साधी आहे. एका वेळी मोजून सातच घड्या उघडायच्या, आठवी दाखवायची तर एक गुंडाळायची. संशय आलाच तर जवळ जाऊन मोठ्या आपुलकीने विचारायचे, "ही पॅक करून देऊ का?" मनात पाप असलेले गिऱ्हाईक बहुधा वस्तू खाली ठेवते, नसलेले "नको" म्हणते, आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहते. घरून आणलेल्या कापडावर आल्याआल्या एक छोटे स्टिकर लावावे, म्हणजे जाताना प्रश्नच येणार नाही, असेही तो म्हणाला. "चोर पकडायचा नसतो ताई, माल वाचवायचा असतो," हे त्याचे वाक्य मला पटले, तरी माझे समाधान झाले नाही, कारण मी दुकानदार नव्हतेच. मी तिथे उभी असलेली तिसरीच व्यक्ती होते, आणि अशा व्यक्तीने मध्ये पडावे की नाही, पडलेच तर कशासाठी, हा माझा प्रश्न होता.

कायदा काय सांगतो ते मी पाहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची शिक्षा आहे, आणि तिथेच एक तरतूद आहे की चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. अशी छोटी चोरी अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनाही वॉरंटशिवाय अटक करता न येणारी, आणि जामीनपात्र धरलेली आहे. दुसरीकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सामान्य नागरिकाला दुसऱ्याला धरण्याचा अधिकार देते, तो फरार घोषित केलेल्या आरोपीला किंवा डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा करणाऱ्याला धरण्याचा; आणि धरलेल्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की दुकानात शेदोनशे रुपयांचा तुकडा लपवणाऱ्या माणसाला चारचौघांनी दंडाला धरून बसवून ठेवण्याचा हक्क कुठे उरतो, हे मला तरी दिसत नाही. पोलिसांनी अटक केलेल्या बाईचीसुद्धा अंगझडती दुसऱ्या बाईनेच, तिची मर्यादा सांभाळून घ्यायची असते. त्या दुकानात एका पोराने बाईंच्या हातातली पिशवी ओढली आणि आम्ही तीन रांगा बायका ते पाहत राहिलो.

इतक्याशा गोष्टीचे एवढे काय, असे नणंदेने मला विचारले होते. त्याचे उत्तर मला दोन घटनांमध्ये सापडले. २७ ऑगस्ट २०२१ रोजी केरळमधल्या अट्टिंगल इथे एका महिला पोलिसाने आपला मोबाइल चोरल्याचा आरोप भर रस्त्यात एका माणसावर आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीवर केला. मुलगी रडत होती, लोक जमले होते, आणि मोबाइल निघाला तो त्या पोलीसबाईंच्याच बॅगेत. उच्च न्यायालयाने त्या मुलीला दीड लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. त्याच राज्यात, अट्टप्पाडीत, २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तांदूळ आणि किराणा चोरल्याच्या संशयावरून जमावाने एका आदिवासी तरुणाला बांधून मारले, त्याच्याबरोबर फोटो काढले, आणि तो त्यातच गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरवले. सीतलामाता बाजारात तसे काही झाले नाही, होण्याची शक्यताही कमी होती, हे मी मान्य करते. पण एकाने बोट दाखवणे, दुसऱ्याने हिसकावणे आणि तिसऱ्याने मोबाइल वर करणे, या तिन्ही गोष्टी तिथे दोन मिनिटांच्या आत घडल्या, आणि पहिली माझ्याकडून घडली.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. दुकानातल्या त्या बाईंच्या जागी पैठणी नेसलेल्या, गाडीतून उतरलेल्या बाई असत्या तर मी गल्ल्याकडे वळले असते का? नसते. मी मनाशी म्हटले असते, स्वतःचाच तुकडा असेल. कोणाला पाहून चोर आठवावा ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे; इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरीही पारधी, कंजर, सांसी म्हटल्यावर माळव्यात आजही लोक कडीकुलूप तपासतात. मी स्वतःला या सवयीपासून मुक्त समजत होते.

मग पाहणाऱ्याने गप्पच राहावे का? बरेच दिवस मी त्याच निष्कर्षाशी थांबले होते, आणि तोही चुकीचाच होता. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर केलेला एक प्रयोग थॉमस मोरिआर्टी या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारी बसलेल्याला "माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल का" असे सांगून माणूस उठून जाई आणि मग ठरवून पाठवलेला चोर त्याचा रेडिओ उचलून नेई. लक्ष ठेवायला सांगितलेल्या वीस जणांपैकी एकोणीस जणांनी चोराला अडवले. ज्यांना असे काही सांगितले नव्हते त्या वीस जणांपैकी चौघांनीच. आपल्याकडे गाडीत शेजारणीला "जरा बघा हं" म्हणून आपण डब्यातून उतरतो आणि ती खरोखरच बघते, त्याला या प्रयोगाचा आधार आहे. माझ्या बाबतीत दुकानाच्या मालाकडे लक्ष ठेवायला गल्ल्यावरचा माणूस होता, दोन पोरे होती, डोक्यावर कॅमेरा होता. त्या बाईंकडे बघायला मात्र कोणीच नव्हते. मध्ये पडायचे तर त्यांच्यासाठी पडायचे होते: आधी कॅमेरा पाहा, पिशवीला हात लावू नका, काही विचारायचे ते आत बसवून एखाद्या बाईला विचारू द्या, मोबाइल खाली ठेवा. हे म्हणायला बाईंनी चोरी केली नव्हती याची खात्री असण्याचीही गरज नव्हती.

ही खात्री नसतानाच पुढच्या वेळी मला बोलावे लागले. गेल्या महिन्यात एका मोठ्या स्टोअरमध्ये बिलाच्या रांगेशेजारी सुरक्षारक्षकाने तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कान पकडून उभे केले होते. त्याच्या शर्टाखालून डिओडरंटची बाटली निघाली होती, म्हणजे चोरी त्याने केलीच होती. लोक हसत होते, रक्षक उठाबशा काढायला लावत होता आणि एक तरुण अगदी जवळून व्हिडिओ घेत होता. माझे पाय कापत होते. मी मुलाच्या आणि मोबाइलच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि मॅनेजरला बोलवायला सांगितले. "आंटी, चोर की तरफदारी कर रही हो," असे तो तरुण म्हणाला. मी त्याला सांगितले की चोरीचा निवाडा आत होऊ दे, पण अल्पवयीन मुलावर गुन्ह्याचा आळ असताना त्याची ओळख पटेल असे काही पसरवले तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम मी त्या ब्लाउजच्या दिवसानंतर वाचले होते, म्हणून तोंडावर आले.

मॅनेजर आले, मुलाला आत नेले, त्याच्या घरी फोन लावला. वीस मिनिटांत त्याचे वडील स्कूटरवरून आले. पायात घरातल्या चपला होत्या. त्यांनी पैसे भरले, मॅनेजरपुढे हात जोडले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर नेले. मी तोवर त्या तरुणाशेजारी उभी होते. त्याने व्हिडिओ पुसला, मग मी म्हटल्यावर पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यातूनही काढून टाकला, आणि स्क्रीन माझ्यासमोर धरून म्हणाला, "देख लिया?" मी चष्मा लावून नीट पाहिले आणि हो म्हटले.